गालाचं हाड आणि न फुटलेला नारळ

११ ऑगस्ट १९८४, शनिवार. सकाळी.

ही डायरी ऑफिसने जानेवारीत दिली. आज पहिल्यांदा उघडतोय. इतके महिने लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. वाशीत काही घडत नाही. डास, चिखल आणि खाडीचा वास, एवढ्यावर माणूस किती लिहिणार?

आज मात्र घडणार आहे. आज नारळी पौर्णिमा. खाडीकाठच्या गावात नारळ लढवायचा खेळ असतो. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोकायचं. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. आमच्या सोसायटीला टँकरने पाणी घालणारा नामा भोईर याने चेअरमन या नात्याने मला आमंत्रण दिलंय. खेळ तसा अडाणीच आहे. पण सोसायटीची इभ्रत आहे.

मी या विषयाचा सायंटिफिक अभ्यास केला आहे. गाववाले नुसतं टकटक करतात. त्यात फोर्स कुठे आहे? मी हात पूर्ण मागे नेऊन, बोलिंग टाकल्यासारखा, वरून आणणार. शिवाय नारळाला दोन दिवस खोबरेल तेल चोळून ठेवलंय. तेलाने करवंटी चिवट होते. (माझी थिअरी.)

नंदिनी म्हणाली, अहो, तेलाने हातातून सुटेल. बायकोला फिजिक्स कोण शिकवणार? 

त्याच दिवशी, संध्याकाळी.

थोडक्यात लिहितो. डावा डोळा बंद आहे.

मुख्य सामन्याआधी जरा प्रॅक्टिस करू म्हणून नामाला देवळामागे नेलं. बाकी सगळा गाव बँडमागे धक्क्यावर गेलेला. देवळामागे आम्ही तिघंच, मी, नामा आणि नंदिनी. नामाने नारळ धरला. नेम बरोबर बसावा म्हणून मी वाकून तोंड जवळ नेलं. हात मागे घेतला. पूर्ण ताकदीनिशी आणला.

त्यानंतर एकदम आभाळ दिसलं.

नंदिनीचं म्हणणं, तुमचाच नारळ तुमच्याच हातातून निसटला, नामाच्या नारळावर आपटला आणि उसळून तुमच्याच गालावर बसला. ती उभी होती तिथून अँगल चुकीचा होता. टेक्निकली पाहिलं तर नामाचा नारळ फुटला असता तर माझा उसळलाच नसता. म्हणजे दोष कुणाचा? ज्याचा फुटला नाही त्याचा.

दोन्ही नारळ शाबूत आहेत. माझा नामाने उचलून ठेवला. गाल भजीसारखा फुगलाय. शी.

१२ ऑगस्ट, रविवार.

सुधीर कारखानीस आला होता. बी विंग, सोसायटीचा सेक्रेटरी. पान खातो आणि बोलताना समोरच्याच्या अंगावर बारीक शिंतोडे उडवतो, गलिच्छ माणूस. येऊन म्हणाला, अरविंदराव, हे काय झालं?

मी काय सांगणार? माझ्याच नारळाने मला मारलं म्हणून? चेअरमनने असं बोलायचं नसतं. मी एवढंच म्हणालो की नामाबरोबर जरा झालं. हे अक्षरशः खरं आहे. झालं ते नामाबरोबरच झालं. कारखानीसने स्वतःच्या डोक्याने पुढचं जुळवलं. म्हणाला, म्हणजे मारलं त्याने तुम्हाला? मी फक्त उसासा टाकला. उसाशाला खोटं म्हणत नाहीत.

नंदिनीने चहाचा कप जरा जोरात ठेवला.

आंबेहळदीचा लेप सुरू. तीन दिवसांत गाल पूर्ववत. लिहून ठेवतो.

१३ ऑगस्ट, सोमवार.

दाढी करताना वरच्या ओठाला ब्लेड लागलं. कळलंच नाही. रक्त शर्टावर आल्यावर नंदिनी ओरडली. डाव्या नाकपुडीपासून ओठापर्यंत सगळं बधिर. वरचे दातसुद्धा दुसऱ्याचे वाटतात. चहा ओठातून खाली गळतो आणि मला पत्ता नसतो. आज ऑफिसात पूर्ण कप बनियनमध्ये गेला. किळस आली स्वतःची.

डोळ्याचा पांढरा भाग लालभडक झालाय. ऑफिसात म्हणालो, स्कूटरवाल्याने उडवलं, एका म्हाताऱ्या बाईला वाचवताना. ऑफिसातल्या लोकांना नारळी पौर्णिमेचं काय कळणार?

संध्याकाळी नंदिनीने मला धरून सेक्टरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याच्या वेटिंगरूममध्ये एक माणूस कफ काढून रुमालात बघत होता. मला ओकारी आली. डॉक्टरने डोळ्याखालच्या कडेवर बोट फिरवलं, मी किंचाळलो. म्हणाला, इथे पायरी लागतेय. गालाचं हाड मोडून आत बसलेलं दिसतंय. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जा, एक्स-रे काढा, हाड उचलावं लागेल. दोन आठवड्यांच्या आत. नंतर ते तसंच जुळतं.

मग विचारलं, मार कसा लागला? मारामारी असेल तर हॉस्पिटलवाले आधी पोलिसांना कळवतात.

मी उठलोच. पोलीस? कारखानीसला एक सांगितलंय, ऑफिसला एक. हवालदाराला तिसरं काय सांगू? हाड म्हणे मोडलं! नारळाने कधी हाड मोडतं का? सूज आहे, सूज. सूज उतरते.

१५ ऑगस्ट, बुधवार.

झेंडावंदन. चेअरमनने दोरी ओढायची. सरळ बघताना सगळं ठीक असतं, पण मान वर केली की डाव्या डोळ्याला वेगळं दिसतं आणि उजव्याला वेगळं. वर बघितलं तर झेंडे दोन. एकावर एक, तिरपे. दोन्ही फडकत होते. मी नेमका जो नव्हता त्याला सलाम केला. म्हणजे टाकीवरच्या कावळ्याला, असं नंदिनी म्हणते.

भाषणाला तोंड पूर्ण उघडेना. "बंधूभगिनींनो" मधला "भ" दातातच राहिला. लोकांना भावना दाटून आल्यासारखं वाटलं. दोन बायकांनी डोळे पुसले. चांगलं झालं.

पेढा मात्र खाता आला नाही. तो कारखानीसने खाल्ला. माझ्यासमोर, तोंड उघडं ठेवून. शी.

१७ ऑगस्ट, शुक्रवार.

सूज उतरली! म्हणालो नव्हतो? डॉक्टरची फी वाया.

आरशात पाहिलं. डावा गाल पूर्वीपेक्षाही आत गेलाय. सपाट, धारदार. उजवा गाल आपला जुनाच, हेडक्लार्कचा. डावीकडून बघितलं तर वेगळाच माणूस दिसतो. कॉलेजात असताना मला असाच चेहरा हवा होता. ऑफिसच्या पासावरचा फोटो नवीन काढून घ्यावा. डाव्या प्रोफाइलने.

नंदिनीला दाखवलं. तिने माझ्या मागे उभं राहून वरून खाली पाहिलं, डोक्यावरून, जसं पेरू घेताना बघते. मग म्हणाली, अहो, गाल खचलाय तुमचा. डोळापण खाली आलाय.

मी म्हणालो, तू उद्या चष्मा लाव. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार.

आजचा संकल्प: तोंडाचे व्यायाम. "आ" करून शंभर आकडे मोजणे.

"आ" होत नाही. दातांमध्ये एक बोट जातं, दुसरं अडतं. तोंड उघडताना आत कशाला तरी अडकल्यासारखं वाटतं, खिडकीला आतून कडी लागल्यावर होतं तसं. बटाटेवडा आणला होता. तो जाईना. सपाट करून पाहिला. मग कुस्करून. शेवटी आतला बटाटा पेंढा काढल्यासारखा काढून चोखला. नंदिनीने तोंड फिरवलं. मीही फिरवलं असतं, पण ते माझंच तोंड होतं.

१९ ऑगस्ट, रविवार.

सोसायटीची तातडीची मीटिंग. कारखानीसने बोलावली. विषय: चेअरमनवरील हल्ला.

मी नको म्हणत होतो. पण तोंड उघडत नसल्यामुळे "नको" हे "हो" सारखं ऐकू गेलं असणार. कारखानीस उभा राहून जे बोलला त्यात नामाच्या हातात नारळाऐवजी काठी होती. मग एक जण म्हणाला, काठी नव्हे, वल्हं. मी ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर मलासुद्धा आता थोडं वल्हं आठवायला लागलंय.

ठराव: निषेध. आणि नामा भोईरचा पाण्याचा टँकर बंद.

नंदिनी बायकांच्या रांगेत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वर बघितलं. दोन ट्यूबलाइट.

२० ऑगस्ट, सोमवार.

पाणी नाही.

या सेक्टरात नळाला करंगळीएवढी धार येते, तीही पहाटे. टँकरशिवाय काही होत नाही हे काल कुणाला सुचलं नाही. बिनआंघोळीचा ऑफिसला गेलो. बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला. संडासाबद्दल लिहीत नाही. या इमारतीत चोवीस कुटुंबं आहेत.

संध्याकाळी कारखानीस धापा टाकत आला. गावात जाऊन आला होता, नामाला जाब विचारायला. म्हणे नामाने नाकारलंसुद्धा नाही! देवळासमोर बसून पोरांना सांगत होता, "सायबाचं थोबाड कोनी फोडलं? आमीच फोडलं!" गावात त्याला आता मान आहे. नारळाने हाड फोडणारा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही म्हणे.

काय निर्लज्ज माणूस आहे. माझ्या गालाचं श्रेय फुकट घेतोय. ते हाड मी स्वतःच्या फोर्सने मोडलं.

(वरचं वाक्य फक्त टेक्निकल अर्थाने.)

२१ ऑगस्ट, मंगळवार.

पूर्ण बरा होण्याचा मार्ग सापडला. समजा हाड आत बसलंच असेल, समजा, तर ते बाहेर काढायला हॉस्पिटल कशाला हवं? तरफेचं तत्त्व आहे. तोंडातून गालाच्या आत काहीतरी घालायचं आणि वर उचलायचं.

बाथरूममध्ये दार लावून दाढीच्या ब्रशची मूठ घातली. दातांच्या फटीतून कशीबशी गेली. पुढे ढकलली. साबणाची चव. घशाला टेकली. मग जे झालं ते बेसिनमध्ये झालं, आणि पाणी नसल्यामुळे संध्याकाळपर्यंत बेसिनमध्येच राहिलं.

ब्रश टाकून दिला. नंदिनीने विचारलं, ब्रश कुठाय? म्हणालो, जुना झाला होता.

रात्री सर्दी. सगळं घर ओलं, सगळं जग ओलं.

२२ ऑगस्ट, बुधवार. सकाळी.

भयंकर. शिंकरलो. जोरात, एकदाच. डावा डोळा क्षणात फुग्यासारखा फुगून बंद झाला. गालावर बोट दाबलं तर कातडीखाली चुरमुरे. कुरकुर वाजतात. माझ्या चेहऱ्यात हवा शिरली आहे! नाकातून गालात!

नंदिनीने हात लावून पाहिला आणि हात काढून घेतला. मग ती शिकवते त्या शाळेत रजेचा निरोप पाठवला, पिशवीत माझा टॉवेल आणि लेंगा भरला, आणि पायात चपला घातल्या. मी म्हणालो, उद्या जाऊ. ती म्हणाली, आज. मी म्हणालो, पोलीस केस होईल, चेअरमन आहे मी, माझी अब्रू. तेव्हा ती दारात थांबली. म्हणाली, अब्रूचं तुम्ही बघा. चेहरा दिवसभर माझ्यासमोर असतो. तो मला सरळ हवाय.

पुढे ती रडली असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, एकच डोळा उघडा होता.

त्याच दिवशी. हॉस्पिटलातून.

मुंबई. जनरल वॉर्ड. शेजारच्या खाटेवरचा माणूस दर दहा मिनिटांनी थुंकतो. चहाला फिनेलचा वास. उशीवर कुणाच्या तरी डोक्याचा तेलकट गोल. माझंच तेल वाईट होतं का?

तोंड छताकडे करून एक्स-रे काढला. मग डॉक्टर आली. डॉक्टर अरुणा खोत. पोरसवदा. आणि दातांच्या खात्याची! मोडलंय गालाचं हाड आणि आलीय दातांची डॉक्टर. मी नंदिनीला खुणेने विचारलं, मोठे डॉक्टर कधी येणार? डॉक्टरने खूण पाहिली. म्हणाली, मोठी मीच.

एक्स-रे उजेडावर धरून तिने दाखवलं. गालाचं हाड तिपाईसारखं असतं, पाय बाजूच्या हाडांना टेकलेले. एक कपाळाकडे, एक नाकाकडे, एक कानाकडे. तुमचे तिन्ही मोडलेत आणि अख्खी तिपाई आत ढकलली गेलीय. डोळ्याची खालची फळी खचली म्हणून दोन-दोन दिसतं. आत गेलेलं हाड जबड्याला अडतं म्हणून तोंड उघडत नाही. हाडाजवळून जाणारी नस चेपलीय, म्हणून ओठ बधिर. आणि नाकाशेजारच्या पोकळीची भिंत फुटलीय, म्हणून शिंकरल्यावर हवा कातडीखाली गेली. परत शिंकरलात तर मी जबाबदार नाही.

एकही पळवाट मला ठेवली नाही तिने. मी सुजेबद्दल विचारलं. म्हणाली, सूज होती तोवर खड्डा झाकला होता, एवढंच. असले गाल आमच्याकडे कशाकशाने येतात माहितेय? गाडीवरून पडून, दारू पिऊन मारामारीत, क्रिकेटच्या चेंडूने, कोपर लागून. तुमचा कशाने?

मी म्हणालो, तोंड उघडत नाही.

ऑपरेशन असं: कानाच्या वर, केसांत, छोटा छेद. तिथून एक जाड लोखंडी पट्टी हाडाखाली घालायची आणि उचलायचं. हाड जागेवर बसतं तेव्हा टक् वाजतं. जागेवर टिकलं तर उत्तम, नाहीतर भुवईपाशी तार. परवा शुक्रवारी करू. आणखी थांबलात तर हाड तसंच धरेल, मग मला ते पुन्हा मोडावं लागेल.

पट्टी घालून उचलायचं! तरफ! म्हणजे माझी थिअरी बरोबर होती. फक्त भोक चुकलं.

२३ ऑगस्ट, गुरुवार.

आजचा दिवस आठवणीतून काढून टाकायचा आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळी हॉस्पिटलचा ड्यूटीवरचा हवालदार आला. पंढरी नाव. काल ॲडमिट करताना कारखानीस बरोबर आला होता, उपकार करायला, आणि खिडकीवरच्या माणसाला त्याने सांगितलं की मारहाण झालीय, वल्ह्याने. म्हणून हवालदार. तो खाटेच्या कडेला बसला, कान कोरला, काडी माझ्या चादरीला पुसली आणि म्हणाला, कोणी मारलं, नाव सांगा. उचलून आणतो.

मी विचार केला. नामा स्वतःच सांगत फिरतोय. मी नुसती मान हलवली तरी काम होतं. जेवढा गाव त्याला मानतो तेवढी सोसायटी मला मानेल. कुणाचंच नुकसान नाही.

तेवढ्यात नामा वॉर्डात शिरला. टँकर घेऊन थेट वाशीहून आला होता. टँकर गेटवर लावल्याबद्दल खाली कुणीतरी आरडाओरडा करत होतं. घाम गळत होता, मासळीचा वास येत होता. हातात माझा नारळ. हवालदाराला बघून त्याने नारळ छातीशी धरला. म्हणाला, "सायब, आमी नाय मारला! पोरांना आसंच सांगला, फुशारकीनं! आईची शपत, आमी नारल धरून नुस्ता उभा व्हतो!" मग माझ्याकडे वळून, "सांगा ना तुमी! तुमचा नारल, तुमचा हात, तुमचाच गाल! पोलीस नेतील म्हनून माजी बायको घरात रडतंय."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वॉर्डाने पाहिलं. थुंकणारासुद्धा थांबला.

मी म्हणालो, मला आज घरी जायचंय. डिस्चार्ज द्या. हाडाचं नंतर बघू. आणि खरोखर चपला शोधायला खाली वाकलो.

डॉक्टर खोत दारात उभी होती. म्हणाली, जा. पण दहा दिवसांनी परत याल तेव्हा हातोडी लागेल.

चपला नंदिनीच्या हातात होत्या. तिने त्या पिशवीत टाकल्या आणि हवालदाराकडे वळून, वर्गात धडा सांगावा तशा आवाजात, सगळं सांगितलं. तेल. वाकलेलं तोंड. मागे नेलेला हात. उसळलेला नारळ. एकही गोष्ट सोडली नाही. हवालदार आधी गंभीरपणे ऐकत होता. "बोलिंग टाकल्यासारखा" ला त्याने टोपी काढून तोंडासमोर धरली. डॉक्टर भिंतीकडे वळली, खांदे हलत होते. म्हणाली, नारळ आमच्या यादीत नव्हता.

हवालदाराने लिहून घेतलं, स्वतःच्या हाताने लागलं, तक्रार नाही. मला विचारलं, बरोबर? नंदिनीला दुरून नीट दिसलं नव्हतं हे माझं मत कायम आहे. पण बायकांशी वॉर्डात वाद घालणं शोभत नाही. हो म्हणालो.

नामा पायऱ्यांवर बसून रडला म्हणे. नारळ बरोबर घेऊन गेला.

२४ ऑगस्ट, शुक्रवार. पहाटे.

कानावरचे केस काढले. वॉर्डबॉयने ज्या वस्तऱ्याने काढले त्यावर आधीच्या माणसाचे केस होते. आता घाण वाटत नाही. भीती वाटते. लिहून ठेवतो, कारण कुणी वाचणार नाही. टेबलावर मेलो तर नंदिनीने ही डायरी जाळावी. पण तिला हे सांगायचं कसं? तिला सांगायचं तर वाचायला द्यावी लागेल.

ती रात्रभर खाटेखाली सतरंजीवर झोपली होती. तिच्या कानाशी झुरळ फिरत होतं. मी हात खाली सोडून ते उडवत राहिलो. हे तिला माहीत नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार.

जिवंत. डोकं जड. घसा खरखरीत. रात्रभर ओकलो.

टक् वाजलं का, विचारलं. डॉक्टर म्हणाली, असं वाजलं की भूल देणारे डॉक्टर दचकले. हाड घट्ट बसलं, तार लागली नाही. माझ्या हाडाची क्वालिटी मुळातच चांगली असणार.

डाव्या गालावर तिने निळ्या शाईची भली मोठी फुली मारलीय. या कुशीवर झोपू नये आणि कुणी हात लावू नये म्हणून. येणारा-जाणारा नापास झालेल्या पोराकडे बघावं तसा बघतो. शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. चावायचं नाही, मऊ खायचं. सांजा. परत सांजा.

२६ ऑगस्ट, रविवार.

मान वर करून छताकडे पाहिलं. पंखा एकच. बघतच राहिलो. शेजारच्या माणसाला सांगितलं, पंखा एकच आहे हो! तो म्हणाला, सरकारी हॉस्पिटल आहे, किती असणार?

आरसा मागितला. गाल आलाय. हेडक्लार्कचा. दोन्हीकडे. नंदिनी मागे उभी राहून वरून बघत होती, पेरूसारखी. मग म्हणाली, हां. एवढंच. पण फार बरं वाटलं मला ते ऐकून.

ओठ अजून बधिर आहे. महिने लागतील, कदाचित थोडा कायम राहील. चहा गळतो. नंदिनी पुसते.

२८ ऑगस्ट, मंगळवार.

घरी. नळाखाली भरलेली बादली! नामाचा टँकर चालू. कारखानीसने स्वतः जाऊन त्याची माफी मागितली, ठराव रद्द केला. मला न विचारता. मी विचारलं, काय कारण दिलंत? म्हणाला, खरं तेच. वर पानाचा एक थेंब माझ्या फुलीवर उडवला.

सोसायटीतली पोरं मला बघून हात मागे नेऊन बोलिंग टाकतात. मी ओळख दाखवत नाही.

संकल्प: उद्यापासून कुणाशी बोलायचं नाही. गणपतीत सगळे येतील तेव्हा थंडपणे, सन्मानाने वागायचं. चेअरमनपदाचा राजीनामा खिशात तयार ठेवायचा. ते आग्रह करतील. मग विचार करू.

३० ऑगस्ट, गुरुवार. गणेश चतुर्थी.

राजीनामा खिशात होता. कुणी विषय काढला नाही.

आरतीला नामा आला, बायकोला घेऊन. तीच बायको, त्या दिवशी घरात रडणारी. माझ्याकडे रागाने बघत होती. नामा उतरलेला दिसत होता. गावात आता पोरं त्याला हसतात, म्हणे, नुस्ता उभा व्हता नामा. माझ्यामुळे त्याचं नाव गेलं. मी त्याच्याशी पहिल्यांदा मनापासून सहानुभूतीने बोललो. दोघांचंही नाव एकाच नारळाने घालवलं. त्याने तो नारळ देवापुढे ठेवला. अजून तेलकट होता.

सारणाला एक नारळ कमी पडत होता. नंदिनी म्हणाली, हाच घेते. मी म्हणालो, थांब, तो फुटायचा नाही. त्याला फोर्स लागतो, मी दाखवतो. डॉक्टरांनी जोर करायला मनाई केलीय हे दहा जणांनी एकदम सांगितलं. म्हणून मी बसल्या जागेवरून नुसती थिअरी समजावून सांगत होतो. हात किती मागे न्यायचा, अँगल कसा, तोल कुठे.

नंदिनीने नारळ पदराने पुसला. हातात एकदा फिरवून शीर बघितली. उंबऱ्यावर बेताने ठोकला.

दोन वाट्या. सरळ. पाणीसुद्धा सांडलं नाही, ते तिने भांड्यात धरलं.

 मग नामाची बायको पहिल्यांदा हसली. नामा उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, पुडल्या वरसाला सोसायटीकडनं तुमी या." कारखानीसने तिथेच विचारलं, सगळ्यांना मान्य? सगळ्यांचे हात वर गेले. सोसायटी, गाव, त्या गर्दीत काय कळतंय. नंदिनी माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण थांबली होती ती, माझ्यासाठी.

मीही हात वर केला. उजवा. डावा गालावर होता.

खोबऱ्याचे तुकडे वाटले. नारळ फार गोड होता असं सगळे म्हणतात. मला चावायची परवानगी नाही.